भीती मोडताना

आपल्याकडे भीती ‘मोडतात’. मुलाला पोहायला शिकवायचे तर विहिरीत ढकलून द्यायचे, हा त्यातलाच संस्कार. त्याच्याच बळावर एका दिवाळीत मी फटाक्यांना घाबरणाऱ्या आमच्या राणीला गच्चीवर नेऊन कठड्याला बांधले. तासभर ऐकले की सवय होईल, असा हिशेब.

आधी तिने साखळी ओढली, दाराकडे झेपा घेतल्या, विव्हळली. मग एकाएकी शांत झाली. जिंकल्याच्या आनंदात मी बिस्कीट पुढे केले. तिने ते हुंगलेदेखील नाही. डोळे विस्फारलेले, धाप लागलेली, शेपूट पोटाशी. ती शांत झाली नव्हती. तिने प्रयत्न सोडून दिले होते.

सेलिग्मन आणि मायर यांचे १९६७ सालचे प्रयोग मी नंतर वाचले. सुटकेचा मार्ग नसलेले विजेचे धक्के सोसलेली बरीचशी कुत्री, पुढे ठेंगणा अडथळा ओलांडून सुटणे शक्य असतानाही, जागीच पडून राहिली. २०१६ साली या दोघांनीच आपला सिद्धान्त उलटा केला: दीर्घ यातनेपुढे निष्क्रिय होणे शिकावे लागत नाही, ते उपजतच असते; शिकावे लागते ते ‘आपल्या हातात काही आहे’ हे. गच्चीवर मी राणीला नेमके तेच शिकू दिले नाही.

विहिरीचा दाखलाही मी अर्धाच घेतला होता. तिथे मुलाच्या पाठीला डबा बांधलेला असतो, पाण्यात काका असतो, आणि आपण इथे कशासाठी आलो आहोत हे मुलाला ठाऊक असते. राणीला यातले काहीच नव्हते. भीतीशी झुंजायला स्वतःहून तयार झालेला माणूस आणि साखळीने बांधलेला जीव, यांची तुलना होत नाही.

मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या लहानग्या पीटरची गोष्ट नोंदवली. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडाथोडा जवळ आणला जाई. पुढल्या श्रावणापासून आम्हीही तसेच केले. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावायचे, सोबत उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. तिने खाणे थांबवले की आवाज कमी करायचा. ऐन दिवाळीत बंद खोली, पलंगाखालची जागा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध.

आवाजांची भीती पुष्कळ ओसरली. गच्चीचा जिना मात्र ती पुन्हा कधीच चढली नाही. मी साखळी हातात घेतली की ती आधी माझ्या चेहऱ्याकडे पाही. तिला आता फटाक्यांची नव्हे, माझी खात्री करून घ्यायची असे.