हळू सोड!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की मला ऱ्हस्व-दीर्घाचा घाम फुटतो. पण ही गोष्ट इंग्रजीत जमणार नाही. कारण तिचा हिरो माझा काका आहे, आणि काका व्हॉल्व्हला 'वॉल' म्हणतो.

२१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली. सहा माणसं गेली. कुगाव आमच्याच करमाळा तालुक्यातलं. मी सुट्टीला घरीच होते. शोध चालू असताना गावात जो तो पाणबुड्यांच्या 'ऑक्सिजनच्या टाक्यां'बद्दल बोलत होता. मीही तेच समजत होते. नंतर वाचलं, तर त्या टाकीत बहुतेक वेळा साधी हवाच असते! शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो, पाण्यात झटके येतात. काही पाणबुडे मात्र नायट्रॉक्स वापरतात, म्हणजे ३२ किंवा ३६ टक्के ऑक्सिजन असलेली हवा. ती बनवायची एक पद्धत अशी, की टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडायचा आणि वरून हवा भरायची.

झालं, थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला हेच भरायचं पॅनेल घेतलं. फक्त कागदावर हं! व्हॉल्व्ह निवडला स्टेनलेस स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह. पाव फेरा दिला की सताड उघडा. दिसायलाही चकाचक.

दिवाळीत ड्रॉइंग काकाला दाखवलं. त्याचं गॅस वेल्डिंगचं दुकान आहे. दारात काळं सिलिंडर कायम उभं. त्याने चष्मा वर केला. "हा वॉल ऑक्सिजनला? कुणाला मारायचंय काय?" मग शर्टाची बाही सारली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. शिकाऊ असताना एका गॅरेजात त्याने ग्रीसच्या हाताने रेग्युलेटर बसवला आणि सिलिंडर झटक्यात उघडलं. रेग्युलेटरच पेटला. "ठिणगी नाय, काडी नाय. ऑक्सिजन हळू सोडायचा असतो बाई."

हॉस्टेलवर परत आल्यावर रात्री गणित मांडलं. ॲडिॲबॅटिक कॉम्प्रेशनचा फॉर्म्युला सेकंड इयरला घोकला होता, मार्कही पडले होते. व्हॉल्व्ह एकदम उघडला की गॅस पुढच्या बंद टोकावर आदळतो, तिथला गॅस क्षणात दाबला जातो आणि उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ३० अंशांवरून, १ बारचे १५० बार! उत्तर आलं हजार अंशांच्या आसपास. मी दोनदा तपासलं. डिझेल इंजिन असंच तर पेटतं. आणि इथे तर पुढे शुद्ध ऑक्सिजन, ग्रीसचा थेंब, टेफ्लॉनची सीट. एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये स्टेनलेस स्टीलसुद्धा जळतं. पितळ त्या मानाने सहजासहजी पेटत नाही.

ड्रॉइंग फाडलं. पितळेचा नीडल व्हॉल्व्ह घेतला, बरेच फेरे दिल्याशिवाय पूर्ण न उघडणारा. प्रत्येक फिटिंगपुढे 'तेल-ग्रीस नको' लिहिलं. व्हायव्हाला एक्स्टर्नल म्हणाले, "भरायला फार वेळ लागेल." मी म्हटलं, "लागू दे सर." ते हसले, पुढचा प्रश्न विचारला.

काकाला फोनवर विचारलं, इतकी वर्षं घरात कुणाला का सांगितलं नाहीस? म्हणाला, "तुझ्या आज्जीला अजून वाटतंय, बंबाच्या पाण्याने भाजलं. गॅरेज बंद केलं असतं तिने."

आज्जी आपलं मासिक वाचत नाही, म्हणून इथे लिहिलं.

— टी.ई. (मेकॅनिकल)