पटावरची नावे

आमच्या जुन्या संगणकात हिच्या आवाजातल्या जात्यावरच्या बेचाळीस ओव्या आहेत. परवा नातू म्हणाला, "आजोबा, सगळं नेटवर्कवरून नव्या लॅपटॉपवर पाठवतो. मग हा डबा काढून टाकू."

त्याने एफटीपी वापरले. फायली पाठवण्याच्या या पद्धतीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी अमेरिकेत एमआयटीत असताना लिहिला. ते आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, हे वाचून माझ्यातला मास्तर सुखावला.

मध्येच वीज गेली. आल्यावर नातवाने काम पुढे चालू केले. थोड्या वेळाने बेचाळीस नावे समोर!

"झालं. जुन्या पुसू?"

"थांब रे," मी म्हटले. जन्मभर हजेरी घेतली आहे; पटावर नाव असले म्हणजे मूल वर्गात असतेच असे नाही. दोन्हीकडचे आकार ताडून पाहिले. एक फाईल इकडे तीन एमबी, तिकडे जेमतेम एक. लावली तर ओवी मध्येच तुटली. वीज गेली तेव्हा ती अर्धीच पोचली होती आणि नाव आधीच आहे म्हणून संगणकाने ती पुन्हा घेतली नाही. नातवाने ती परत पाठवली.

खरे सांगू? ही गेल्यापासून सहा वर्षांत मी एकही ओवी ऐकली नव्हती. जपून ठेवल्यात, एवढेच सगळ्यांना सांगत होतो. आता रोज सकाळी चहाबरोबर एक ऐकतो. आज सतरावी झाली. बेचाळीस होईपर्यंत डबा कोपऱ्यातच राहील.

तुमच्याकडेही असे काही असेल, तर पुसण्याआधी एकदा उघडून ऐका.