कोरी पाने

आत्मचरित्र लिहायला माणूस मोठा असावा लागतो, आणि आपल्या भक्तीची हकीकत सांगायला तर तो थेट साधूच असावा लागतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. तेव्हा पेन्शनीत निघालेल्या एका शाळामास्तराने आपले आणि देवाचे काय काय झाले हे लिहायला बसावे, याचे लोकांना हसू येते. मलाही येत असे.

पण सांगण्याजोगे काही होते खरे. आमच्या खुलताबादचा भद्रा मारुती निजलेला आहे. गदा उगारून उभा असलेला मारुती पाहायची सवय असलेला परगावचा माणूस येथे जरा गोंधळतो. श्रावणात शुक्रवारी रात्री संभाजीनगराहून माणसे पंचवीसेक किलोमीटर चालत येतात. त्यातली काही पहाटे आमच्या ओट्यावर टेकत, आणि माझी पत्नी त्यांना चहा करून देई. साखर पुरायची नाही, मग गूळ.

अडचण होती ती दोन वर्षांची. पत्नी आजारी पडली, मी शनिवारचे नारळ चुकवले नाहीत, आणि ती गेली. त्यानंतर दोन वर्षे मी देवळाची पायरी चढलो नाही. त्याची मला लाज वाटत नाही. पण भक्ताच्या हकिकतीत ती घालायची कोठे? घातली तर भक्ती लटकी ठरते, वगळली तर वही लटकी ठरते. या पेचात तीन दिवाळ्या गेल्या.

धीर दिला तो आधी शेजारणीने. शेजारीण म्हणजे संत बहिणाबाई! वेरुळापलीकडचे देवगाव तिचे माहेर, आणि वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिची समाधी. ती १७०० साली गेली. आपल्या अभंगांतून तिने स्वतःचे चरित्र सांगितले आहे. तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने मारले, हेही तिने लपवले नाही. वेदाचा अधिकार नसलेल्या बाईच्या जन्माबद्दलची तिची तक्रारही तीत आहे. देवाशी भांडण झाले म्हणून हकीकत बाटत नाही, एवढे तिने मला शिकवले.

तरी लेखणी हलेना. कारण ती दोन वर्षे मला नीट आठवतच नाहीत. दुःखाने आठवण तीक्ष्ण होते म्हणतात. माझी बोथट झाली.

येथे दुसरा गाववाला मदतीला आला. आमच्या गावात थडग्यांना तोटा नाही. औरंगजेबाची साधी कबर पाहायला लोक येतात आणि बाकीच्यांना तसेच ओलांडून जातात. गावाबाहेर अमीर हसन सिजझी निजला आहे. हा दिल्लीचा फारसी कवी, पेशाने फौजेतला. महंमद तुघलकाने दिल्ली उठवून दौलताबादेला आणली, त्या लोंढ्यात तोही दक्षिणेत आला. त्याआधी १३०८ साली त्याने एक काम मुकाट्याने सुरू केले होते. गुरू निजामुद्दीन अवलिया बोलत, ते तो घरी जाऊन टिपून ठेवी. वर्षभर त्याने ब्र काढला नाही. शेवटी धीर करून कागद गुरूपुढे ठेवले. गुरूंनी ते वाचले, 'चांगले लिहिले आहेस' म्हणाले, आणि विचारले की मधेमधे जागा कोरी का सोडलीस? हसन म्हणाला, तेथले शब्द मला आठवले नाहीत. गुरू रागावले नाहीत. त्यांनी त्या जागा भरून दिल्या.

हे मी एका दुपारी वाचले, आणि पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या शिपायाने न आठवलेल्या शब्दांच्या जागी पदरचे शब्द बसवले नाहीत. कवी होता, त्याला ते सहज जमले असते. त्याने जागा सोडली आणि पुढे लिहिले!

त्याच संध्याकाळी मी आरंभ केला. ओट्यापासून, चहापासून, गुळापासून. पत्नीच्या आजारापर्यंत आलो तेव्हा तारीख घातली आणि चार पाने कोरी सोडली. पाचव्या पानावर, पुन्हा देवळात गेलो त्या शनिवारची नोंद आहे. का गेलो ते तेथेही लिहिलेले नाही.

ही असती तर चार पाने फुकट गेली म्हणून तिने नक्की कटकट केली असती, आणि मागच्या बाजूला दुधाचा हिशोब लिहिला असता.