घोडीचा खोकला थांबला, तरीही…

मैत्रिणींनो, दमा म्हटलं की आपल्याला घरातली म्हातारी माणसं आठवतात, नाहीतर कफानं बेजार झालेली मुलं. पण घोड्यालाही दमा होतो बरं का! अगदी आपल्यासारखाच छातीत कफ साठतो, श्वास अडतो.

आमच्या मागच्या गल्लीत वरातीची घोडी ठेवणारं एक कुटुंब आहे. लग्नसराईच्या कमाईवरच त्यांचं वर्ष निघतं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर घोडी खोकायला लागली. वैरणीत तोंड घातलं की ढास, चार पावलं पळाली की धाप, नाकाशी पांढरट शेंबूड. घरात तिला विकून टाकायची भाषा सुरू झाली. आमच्या सासूबाईंना स्वतःला दमा आहे. त्या घोडीच्या पोटाकडे बराच वेळ बघत राहिल्या नि म्हणाल्या, “अगं, श्वास सोडताना बघ कशी जोर लावतेय. हे माझंच दुखणं!”

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. दुखणं काही नवं नाही. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरांनी १६९८ साली दम्यावर पुस्तक लिहिलं, त्यात अशाच एका घोडीचा उल्लेख आहे. पूर्वी याला निरनिराळी नावं होती. २०१६ साली तज्ज्ञांनी ‘घोड्याचा दमा’ हे एकच नाव वापरायचं ठरवलं.

आता होतं काय, ते बघा. निरोगी घोड्याच्या श्वासनलिकेला आतून पातळ, ओलसर चिकट्याचा थर असतो. त्यात धूळ अडकते आणि बारीक केसांसारखे तंतू ती घशाकडे लोटतात; घोडा ते गिळून टाकतो. वाळल्या गवतातली धूळ आणि बुरशी रोज छातीत गेली, की काही घोड्यांच्या नळ्यांना आतून सूज येते. चिकटा तयार करणाऱ्या पेशी वाढतात. चिकटा जास्त होतो, शिवाय घट्ट होतो. तंतूंना तो हलवता येत नाही आणि बारीक नळ्या तुंबतात. त्यातून घोडा श्वास घेतो फक्त नाकानं, आपल्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं त्याला जमत नाही. मोठ्या दवाखान्यात नाकातून दुर्बीण घालून श्वासनलिकेतला हा चिकटा बघतात आणि ० ते ५ असे गुण देतात.

डॉक्टरांनी औषध दिलं, पण बजावलं की आधी धूळ थांबवा. मग त्या घरच्या बाईनंच कंबर कसली. गवत पाण्यात बुडवून, निथळवून घालायचं. तेही लागेल तेवढंच, कारण भिजलेलं गवत आपल्या हवेत लवकर आंबतं. वैरण उंच टांगायची नाही, जमिनीवर ठेवायची. मान खाली गेली की चिकटा आपोआप बाहेर वाहतो. घोडी बाहेर काढल्याशिवाय पागेत झाडू मारायचा नाही. आणि दिवसाचा जास्तीत जास्त वेळ तिला मोकळ्यावर बांधायचं.

काही आठवड्यांत खोकला थांबला, विकायची भाषाही थांबली. घरची पुरुषमंडळी म्हणाली, “आता कशाला रोज गवत भिजवायचं?” खरी मेख इथंच आहे. खोकला गेला तरी अशा घोड्याच्या नळ्यांत चिकटा साठलेला राहू शकतो, आणि पुन्हा कोरडं गवत पुढ्यात आलं की दुखणं उलटतं. दमा मुळापासून जात नाही, तो सांभाळावा लागतो. ती बाई मात्र कुणाचं ऐकत नाही. आजही रोज सकाळी तिची गवताची बादली भरलेली असते.

तुमच्या ओळखीत कुणाकडे घोडा असेल तर एवढं जरूर सांगा: हा दमा संसर्गजन्य नाही, घाबरू नका. पण अंगात ताप असेल, किंवा नाकातून पिवळा, घाण वासाचा स्राव येत असेल, तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नका. ते दुखणं वेगळं असू शकतं. लगेच डॉक्टर गाठा. आणि माणसाची औषधं जनावराला आपल्या मनानं मुळीच देऊ नका.

मुकं जनावर छाती भरलीय म्हणून सांगत नाही. ते आपणच ओळखायचं, आणि बरं दिसायला लागलं तरी पथ्य सोडायचं नाही. घरातलं आजारपण काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नकोच, नाही का?