शीन आणि किर्र

कंपनीच्या कामासाठी मी दीड वर्ष क्योतोत होते. पोचले ती जूनमध्ये, म्हणजे त्यांच्या पावसाळ्यात, ‘त्सुयु’त. शनिवारी सकाळी परदेशी लोकांसाठी जपानीचा एक मोफत वर्ग चालायचा. तिथे निवृत्त शिक्षिका असलेल्या एक आजी मला शिकवायच्या. आम्ही सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचो. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्यांनी पाठ्यपुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि पिशवीतून एक छोटं जाडजूड पुस्तक काढलं. अझुमा कियोहिको यांची ‘योत्सुबा तो!’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. पाच वर्षांची, हिरव्या केसांची एक मुलगी बाबांबरोबर नव्या गावात राहायला येते आणि झोपाळ्यासकट प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच बघते. माझी अवस्था तिच्यासारखीच होती.

मांगा म्हणजे लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, एवढंच मला ठाऊक होतं. ती उजवीकडून उघडायची, हेही कुठेतरी ऐकलेलं. पण डोळ्यांची सवय जात नाही. पान उजवीकडून उघडलं तरी चौकटी मी डावीकडूनच वाचत होते. उत्तर आधी यायचं आणि प्रश्न मागून. सेन्सेईंनी माझं बोट धरलं आणि पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथून डावीकडे, मग खाली, पुन्हा उजवीकडून. संवादाच्या फुग्यांतली अक्षरंही उभी, वरून खाली. पाटीवर अक्षरं गिरवून घ्यावीत तसं त्यांनी ते पान माझ्याकडून बोटाने गिरवून घेतलं. अवघड चित्रलिपीच्या शेजारी उच्चार सांगणारी बारीक अक्षरं होती, फुरिगाना. मुलांसाठीच्या मांगात ती बहुधा असतात, म्हणूनच नवशिक्याचा निभाव लागतो.

पुढे काही आठवड्यांनी दुसऱ्या एका पुस्तकात एका रिकाम्या खोलीचं चित्र आलं. माणूस नाही, फुगा नाही, फक्त चौकटभर मोठी अक्षरं: ‘शीन’. मला वाटलं, पंख्याचा आवाज असेल. सेन्सेईंनी मान हलवली. काहीच आवाज नसतो तेव्हाचा तो आवाज. शांततेलाही मांगात अक्षरं मिळतात.

मी त्यांना सांगितलं, आमच्या मराठीत ‘किर्र शांतता’ म्हणतात, पण तो रातकिड्यांचा आवाज आहे. इतकं शांत की तेवढंच ऐकू यावं. त्यांना तो शब्द फार आवडला. त्यांनी वही पुढे केली आणि पावसाचे मराठी आवाज लिहून मागितले. मी लिहीत गेले: धो धो, रिमझिम, भुरभुर, पिरपिर, टपटप. शेजारी त्या त्यांचे लिहीत गेल्या. कोसळणारा तो ‘झाझा’, हळुवार पडणारा तो ‘शितोशितो’. छाती आपल्याकडे धडधडते, तिथे ‘दोकीदोकी’ करते. मराठी माणसाला मांगा परकी वाटू नये, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण हेच आहे. आवाजाचे शब्द आपल्या जिभेवर आधीपासून आहेत. मांगात ते शब्द चित्राचाच भाग होतात, जाड, थरथरते, चौकट फोडून बाहेर येणारे.

मग मला वेड लागलं. कारासुमा-ओइकेजवळ मांगाचं संग्रहालय आहे, एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत, २००६ साली उघडलेलं. भिंतीच्या भिंती मांगांनी भरलेल्या. कुठलंही पुस्तक काढावं आणि बाहेर हिरवळीवर लोळत वाचावं. तिथे मी पाहिलं की मांगा ही एक गोष्ट नव्हेच. मुलग्यांसाठीची शोनेन, मुलींसाठीची शोजो, मोठ्यांसाठीची सेइनेन आणि जोसेइ, प्रत्येकीची साप्ताहिकं-मासिकं वेगळी. कथा आधी स्वस्त कागदावरच्या जाडजूड अंकात क्रमशः येते आणि गाजली की पुस्तकरूपात. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकाचा खप नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ६५ लाखांच्या वर गेला होता.

तिथेच तेझुका ओसामूंची ‘बुद्ध’ हाती आली. वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या या माणसाने १९४७ साली ‘शिन ताकाराजिमा’ या मांगात सिनेमासारखी धावती दृश्यं कागदावर आणली आणि पुढच्या सगळ्या मांगाची चाल बदलली. ‘बुद्ध’ १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चालली. तिच्या सुरुवातीला बर्फात कोसळलेला एक वृद्ध साधू आहे. त्याच्यासाठी अस्वल मासे आणतं, कोल्हा फळं आणतो. सशाला काहीच मिळत नाही, म्हणून तो स्वतः आगीत उडी घेतो. ही जातककथा मला लहानपणापासून माहीत होती. पण तेझुका इथे जवळजवळ काही बोलतच नाहीत. पानं उलटतात आणि आपण त्या सशाच्या डोळ्यांकडे बघत राहतो. त्या हिरवळीवर मी रडले.

हे सेन्सेईंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी ‘हादाशी नो गेन’चा, म्हणजे ‘अनवाणी गेन’चा पहिला भाग आणला. ती काढणारे नाकाझावा केइजी ६ ऑगस्ट १९४५ ला, अणुबॉम्ब पडला त्या दिवशी, हिरोशिमात सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशाने ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकून दगावले. आईने त्याच दिवशी मुलीला जन्म दिला. ते बाळही फार जगलं नाही. १९६६ साली आई गेली. जपानमध्येही आपल्यासारख्याच अस्थी सावडतात. नाकाझावांना आईच्या राखेत नीट हाडंच सापडली नाहीत. किरणोत्साराने हाडंसुद्धा नेली, हा संताप त्यांनी चित्रांत उतरवला. १९७३ मध्ये ‘गेन’ सुरू झाली तीही मुलांच्या त्याच ‘शोनेन जंप’मध्ये.

ती वाचायला मला पाच आठवडे लागले. चित्रं साधी, गोबऱ्या गालांची मुलं, सुरुवातीला विनोदही. गव्हाची रोपं तुडवली की अधिक जोमाने उभी राहतात, असं वडील मुलांना सांगतात. आणि मग ती सकाळ. छोटा नायक गेन कोसळलेल्या घराची तुळई उचलायला बघतो, आग जवळ येते, वडील त्याला आईला घेऊन निघून जायला सांगतात. या मांगात माणसं दात आवळून ‘गीगीगी’ करतात. शब्दकोशात मी तो आवाज शोधला नाही. मांगा कुठून सुरू करावी असं मला आता कुणी विचारलं, तर मी ‘योत्सुबा’च हातात देते. पण ‘गेन’पर्यंत जायचंच, असं बजावते.

त्यानंतर आलेल्या ६ ऑगस्टला सेन्सेईंनी मला सकाळी घरी बोलावलं. टीव्हीवर हिरोशिमाचा स्मृतिसोहळा चालू होता. ८ वाजून १५ मिनिटांनी सगळे उभे राहिले, आम्हीही. मिनिटभर घंटेचे टोल पडत होते, आणि टोलांच्या मध्ये झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा अखंड आवाज. टीव्हीतल्या हिरोशिमातूनही आणि खिडकीबाहेरच्या क्योतोतूनही.

मिनिट संपल्यावर सेन्सेई खाली बसल्या, चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि हळूच म्हणाल्या, “किर्र.”