दोनशे मुलांचं चित्र

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या बहिणीकडे व्हिएन्नाला गेले होते. व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. तिथं एक भलंमोठं कलासंग्रहालय आहे. नाव म्हणताना जीभ अडखळते, कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम! हाब्सबुर्ग घराण्यातल्या राजांनी शेकडो वर्षं जमवलेला खजिना ठेवायला ही इमारत बांधली. १८९१ साली ती लोकांसाठी खुली झाली. समोर, बागेच्या पलीकडे, तिची जणू जुळी बहीणच उभी आहे. ते निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय.

आत गेलं की संगमरवरी जिना, वर उंच घुमट! इजिप्तच्या शवपेट्या, रोमन मूर्ती, दालनामागून दालनं चित्रं. मी आपली वहीत यादी करून गेले होते, एका दिवसात सगळं बघायचं म्हणून. दुपारपर्यंत पाय भरून आले.

आणि मग मी पीटर ब्रूगेलच्या दालनात शिरले. हा सोळाव्या शतकातला चित्रकार. त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठंच एकत्र नाहीत. त्यातल्या एका चित्रापुढे मी जी थांबले, ती थांबलेच. चित्राचं नाव ‘मुलांचे खेळ’, साल १५६०. लाकडी फळीवर रंगवलेलं, साधारण सव्वा मीटर उंच आणि दीड मीटरहून थोडं रुंद. त्यात दोनशेहून जास्त मुलं आहेत! माडीवरून चौकात डोकावावं, तशी ती दिसतात. कुणी चाक पळवतंय, कुणी पिंपावर घोडा करून बसलंय, कुणी भोवरा फिरवतंय, कुणी काठ्यांवर चालतंय. एकीनं डोक्यावरून निळं कापड ओढलंय आणि ती इतरांना शोधतेय. अहो, ही तर आपली आंधळी कोशिंबीर!

गंमत म्हणजे फारसं कुणी हसत नाहीये. सगळी मुलं आपापल्या खेळात गढलेली आहेत. जणू ते मोठं महत्त्वाचं काम आहे.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी पुढे, दोघीजणी हाडांचे तुकडे घेऊन खेळत होत्या. तिकडे त्यासाठी मेंढीच्या घोट्याची हाडं वापरत. खेळ मात्र आपल्या सागरगोट्यांसारखाच. आणि माझ्या पोटात धस्स झालं. फेब्रुवारीत, गणिताच्या तासाला, माझ्या वर्गातल्या एका मुलीचे पाच सागरगोटे मी काढून घेतले होते. “संध्याकाळी देते,” म्हटलं आणि विसरले. ते अजून कपाटातच होते! साडेचारशे वर्षांपूर्वी एका मोठ्या चित्रकाराला ज्या खेळाची नोंद ठेवावीशी वाटली, तो मी ‘टवाळकी’ म्हणून कुलपात ठेवला होता. माझी यादी अर्धीच राहिली. पण त्या चित्रापुढे मी तासभर उभी होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी ते सागरगोटे तिच्या हातावर ठेवले. ती म्हणाली, “बाई, मला वाटलं तुम्ही फेकून दिले.”

मधल्या सुट्टीत मीही तिच्याबरोबर खेळायला बसले. तिसऱ्याच झेलाला हात चुकला आणि सगळा वर्ग हसला.

आता तुम्ही एक करा. आजीला विचारा, ती लहानपणी काय काय खेळायची? यादी करा आणि त्यातला एक खेळ तिच्याकडून शिकून घ्या. आईबाबांनाही घ्या बरं का खेळायला!