आधी दुखणं आवरू, मग पाळणा

सांधेदुखी म्हातारपणीच येते, अशी आपल्याकडे समजूत आहे. पाटोद्यात आमच्या धाकट्या जावेला आमवात सव्विसाव्या वर्षीच जडला. सकाळी बोटं आखडतात, भाकरी थापवत नाही. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट घेतल्यावर हात वळू लागले.

यंदा घरात पाळण्याचा विषय निघाला. "गोळ्या फेकून दे," नातेवाईक म्हणाले. पोरगी रडायला लागली. आम्ही तिला घेऊन एस.टी.ने बीडला डॉक्टरांकडे गेलो. मेथोट्रेक्झेटने गर्भ पडू शकतो, बाळात व्यंग येऊ शकतं; म्हणून ते तीन महिने आधी बंद, तोवर पाळणा लांबवायचं साधन वापरायचं. मात्र हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलझिन गरोदरपणातही चालतात, जोडीला फॉलिक ॲसिड. आजार भडकलेला राहिला तर बाळालाही धोका. बाळंतपणानंतर दुखणं पुन्हा उचल खाऊ शकतं, तेव्हा घरच्यांनी हाताशी असावं.

मूल केव्हा, हा विचार आपल्याला नवा नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला होता.

भगिनींनो, गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. मेथोट्रेक्झेट चालू असताना दिवस राहिलेच, तर ती गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा.